डायोड-पंप एनडी-याग लेसरसाठी पाण्याने थंड होणारा पॉवर सप्लाय: नागपूरच्या हवेचा हिशेब धरून

आपला प्रश्न असा आहे. हिंगणा एमआयडीसीतील आपल्या कार्यशाळेत एनडी-याग (निओडिमियम मिसळलेल्या याग स्फटिकाच्या) लेसरचे एक वापरलेले मॉड्यूल आले आहे. त्यात ८०८ नॅनोमीटरचे, प्रत्येकी सुमारे २० वॅट प्रकाश देणारे १५ डायोड बार एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडलेले आहेत. त्यांचा कमाल प्रवाह २५ अँपिअर आणि एकूण व्होल्टेज सुमारे ३० व्होल्ट आहे. या मॉड्यूलसाठी पाण्याने थंड होणारा पॉवर सप्लाय आणि ड्रायव्हर (डायोडचा वीजप्रवाह ठरवणारे सर्किट) आपल्याला स्वतः बांधायचा आहे. ड्रायव्हर स्विचिंग पद्धतीचा (वीज झपाट्याने चालू-बंद करणारा) करावा की लिनिअर (सलग नियंत्रण करणारा, जादा वीज उष्णतेत घालवणारा), चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) किती क्षमतेचा घ्यावा आणि नळाचे पाणी चालेल का, हे आपण विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. आराखड्याची सुरुवात सर्किटपासून न करता पाण्यापासून करावी, आणि पाणी असणारच आहे तर ड्रायव्हर लिनिअर करावा. बहुतेक जण स्विचिंगकडे वळतात ते उष्णता कमी व्हावी म्हणून. पण ज्या यंत्रात पावणेसातशे वॅट उष्णता पाण्याने वाहून न्यायचीच आहे, तिथे आणखी १०० वॅटचा भार पाण्याला जाणवतही नाही. त्या बदल्यात मिळते ते साधे आणि शांत सर्किट. एकट्याने बांधून एकट्यानेच दुरुस्त करायच्या यंत्रात ही फार मोठी सोय आहे.

उष्णतेचा हिशेब असा. ३० व्होल्ट आणि २५ अँपिअर म्हणजे मॉड्यूलमध्ये ७५० वॅट जातात. त्यातून सुमारे ३०० वॅट पंप-प्रकाश (रॉडला, म्हणजे एनडी-याग स्फटिकाच्या दांडीला, ऊर्जा देणारा डायोडचा प्रकाश) निघतो आणि उरलेले ४५० वॅट डायोडच्या तांब्याच्या ठोकळ्यांतच उष्णता म्हणून राहतात. पंप-प्रकाशापैकी समजा ७५ वॅट १०६४ नॅनोमीटरच्या किरणाच्या रूपाने बाहेर पडले, तर बाकीचे २२५ वॅट रॉड, त्याभोवतीची काचनळी आणि परावर्तक यांत मुरतात. म्हणजे मॉड्यूलचे ६७५ वॅट, लिनिअर ड्रायव्हरचे १०० आणि पाण्याच्या पंपाचे पन्नास-साठ धरून पाण्यावर एकूण साधारण ८३५ वॅटचा भार येतो. मिनिटाला ६ लिटर पाणी फिरत असेल, तर मॉड्यूलमधून जाताना ते १.६ अंशांनी तापते. प्रवाह २ लिटरवर उतरला, तर तेच पाणी जवळजवळ ५ अंशांनी तापते, आणि हा फरक मुळीच किरकोळ नाही.

डायोडची तरंगलांबी दर अंशाला सुमारे ०.३ नॅनोमीटरने वाढते. एनडी-यागचा ८०८ नॅनोमीटरजवळचा शोषणपट्टा मात्र जेमतेम दोन नॅनोमीटर रुंदीचा आहे. त्यामुळे पाणी ५ अंशांनी सरकले की पंप-प्रकाशाचा मोठा भाग रॉडमध्ये न मुरता आरपार जातो. लेसरची शक्ती घटते, चालवणारा माणूस ती भरून काढण्यासाठी वीजप्रवाह वाढवतो, डायोड आणखी तापतात आणि तरंगलांबी आणखी सरकते. हे चक्र डायोडच्या आयुष्यावर उठते. शक्ती घटली, तर प्रवाहाच्या बटणाला हात लावण्याआधी पाण्याचे तापमान पाहावे, असा नियम कार्यशाळेत करून टाका.

आता नागपूरच्या हवेविषयी, कारण परदेशी माहितीपत्रकांतले आकडे इथे सर्वांत जास्त फसवतात ते याच बाबतीत. माहितीपत्रकात पाणी २५ अंशांवर ठेवा, असे बहुधा लिहिलेले असते. मे महिन्यात बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतले बाष्प दव बनून बसते ते) ११ अंशांच्या आसपास असतो. तेव्हा २५ अंशांच्या पाण्याने कुठेही घाम येत नाही. अडचण असते ती चिलरची: त्याला उष्णता टाकायला ४३ अंशांचीच हवा मिळते. जुलैत चित्र उलटे होते. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू २६ अंशांवर जातो, आणि २५ अंशांचे पाणी खेळवलेला प्रत्येक पृष्ठभाग ओला होऊ लागतो. ते दव डायोडच्या आरशासारख्या टोकावर, रॉडच्या टोकांवरच्या लेपावर आणि ड्रायव्हरच्या पट्टीवर सारखेच बसते. ओल्या टोकावर पूर्ण शक्ती सोडली, की लेप जळतो. उन्हाळ्यात निर्धोक चाललेले यंत्र पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात बंद पडलेले मी पाहिले आहे, आणि तिथे सर्किटमध्ये काहीही दोष नव्हता.

यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत. पहिला, लेसरची खोली वातानुकूलित ठेवावी: २६ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला दवबिंदू १५ अंशांपर्यंत उतरतो आणि २५ अंशांचे पाणी सुरक्षित होते. दुसरा, पाण्याचे तापमान २५ वर अडवून न धरता २८ ते ३० अंशांवर काम होते का, ते पाहावे. त्या तापमानाला बार ८०८ ऐवजी ८०९ च्या पुढे सरकत असतील, तर प्रवाह किंचित कमी ठेवून तरंगलांबी थोडी मागे आणता येते, कारण प्रवाह घटला की डायोडचा जोडबिंदूही (जंक्शन, म्हणजे आतला सर्वांत तापणारा भाग) थंड होतो. वीज गेल्यावर वातानुकूलन थांबते, दार उघडले जाते, बाहेरची दमट हवा आत येते आणि मॉड्यूल मात्र अजून गार असते, हा क्षण सर्वांत वाईट. म्हणून लेसरच्या पेटीत आर्द्रता आणि तापमान मोजणारा स्वस्तातला सेन्सर बसवावा, त्यावरून दवबिंदू काढावा आणि पाणी दवबिंदूच्या वर निदान ३ अंश नसेल, तर ड्रायव्हर सुरूच होऊ देऊ नये.

चिलर १.५ किलोवॅटच्या खाली घेऊ नका. गरज ८३५ वॅटची दिसत असली, तरी चिलरची छापील क्षमता बहुधा बऱ्याच कमी तापमानाच्या हवेसाठी असते आणि हवा ४५ अंशांवर गेली की ती चांगलीच घटते. कंडेन्सर पश्चिमेच्या भिंतीवर लावू नये, आणि त्याची गरम हवा त्याच खोलीत परत फिरू देऊ नये. काही जण विचारतात की आपल्याकडे घरोघरी चालणाऱ्या कूलरच्या तत्त्वावर छोटा कूलिंग टॉवर का लावू नये. मे महिन्यात तो खरोखरच उत्तम चालतो: ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला ओल्या फुग्याचे तापमान (वेट-बल्ब, म्हणजे बाष्पीभवनाने गाठता येणारे सर्वांत कमी तापमान) २२ अंशांजवळ असते आणि टॉवर २६-२७ अंशांचे पाणी देऊ शकतो. जुलैत मात्र ओला फुगा २७ वर असतो आणि पाणी ३० च्या खाली येत नाही. शिवाय उघड्या टॉवरचे पाणी थेट मॉड्यूलमध्ये सोडता येत नाही, मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर लागतो आणि तो आणखी दोन-तीन अंश खातो. चिलरचा उन्हाळी भार हलका करण्यासाठी टॉवर ठीक आहे, पण वर्षभर एकट्या त्याच्यावर विसंबू नये.

नळाचे पाणी चालणार नाही. पेंच आणि कन्हानचे शुद्ध केलेले पाणी पिण्यासाठी चांगले असते, पण त्यातले क्षार अरुंद वाटांमध्ये साचतात, आणि बोअरवेलचे कठीण पाणी तर तांब्याच्या वाटा काही महिन्यांत बुजवते. घरच्या आरओचे पाणीही पुरेसे नाही: ५० पीपीएम क्षारांचे पाणी सुमारे १०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर इतके वीजवाहक असते. बॅटरीत घालतात ते डिमिनरलाइज्ड पाणी घ्यावे, डबा उघडताच मीटरने मोजावे आणि ५ मायक्रोसीमेन्सच्या वर असेल तर परत करावे. आपल्या मॉड्यूलमध्ये पाणी थेट विद्युत टोकांना लागते की विद्युतरोधक थराने वेगळे ठेवलेले आहे, हे आधी तपासा. पाणी टोकांना लागणारे सूक्ष्म-वाहिन्यांचे कूलर असतील, तर डिआयनायझर काडतूस (पाण्यातले विरघळलेले क्षार टिपणारे) आणि बारीक फिल्टर दोन्ही कायम वाटेत हवेत. मात्र पाणी अतिशुद्ध करण्याच्याही मागे लागू नये, कारण तसे पाणी तांब्यालाच खाऊ लागते.

पाण्याच्या वाटेत तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र येऊ देऊ नका. दोन धातूंमधली विद्युत-रासायनिक क्रिया ॲल्युमिनियम झिजवते आणि त्याचा गाळ डायोडच्या वाटांत जाऊन बसतो. बाजारात सहज मिळणाऱ्या कोल्ड प्लेट (आतून पाणी खेळवलेल्या धातूच्या पट्ट्या) आणि रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचेच असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. तांबे, स्टेनलेस स्टील आणि चांगले प्लास्टिक एवढ्यावर भागवा. नळ्या अपारदर्शक घ्या, नाहीतर उजेडात शेवाळ धरते, आणि पाणी दर तीन महिन्यांनी बदला.

पाणी आधी मॉड्यूलमध्ये जावे आणि मग ड्रायव्हरच्या कोल्ड प्लेटमध्ये. डायोडला सर्वांत थंड आणि स्थिर पाणी हवे असते, तर ड्रायव्हरमधल्या मॉसफेटला (प्रवाह नियंत्रित करणाऱ्या ट्रान्झिस्टरला) दोन-तीन अंशांनी काही फरक पडत नाही. शिवाय मॉड्यूलमधून आलेले पाणी थोडे कोमट असल्यामुळे सर्किटच्या पट्टीवर दव धरण्याची भीतीही कमी होते. पेटीत सर्किट वर आणि नळ्यांचे सांधे खाली अशीच रचना ठेवा.

आता ड्रायव्हर. तयार मिळणारा ३६ व्होल्टचा, पॉवर फॅक्टर सुधारणारा एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय) घ्या आणि त्याचा ट्रिमपॉट (व्होल्टेज जुळवायचा छोटा रोध) फिरवून तो ३४ व्होल्टवर आणा. त्यानंतर २० मायक्रोहेन्रीची एअर-कोअर चोक (प्रवाह एकदम वाढू न देणारे तारेचे वेटोळे), मग डायोडची माळ आणि खाली ऋण बाजूला चार समांतर मॉसफेट. मॉसफेटवर ४ व्होल्ट पडले, तर एकूण १०० वॅट म्हणजे प्रत्येकी २५ वॅट होतात. जोडबिंदूपासून पाण्यापर्यंतचा औष्णिक रोध प्रती वॅट ०.९ अंश धरला, तर ३२ अंशांच्या पाण्यावर जोडबिंदू ५५ अंशांच्या आत राहतो. हीच पेटी मे महिन्यात हवेने थंड करायची म्हटली, तर किती मोठा हीट सिंक आणि किती पंखे लागतील, याचा विचार करून पाहावा.

चारही मॉसफेटना एकच गेट-व्होल्टेज (मॉसफेट उघडणारे व्होल्टेज) देण्याची चूक टाळावी. मॉसफेटचा थ्रेशोल्ड (तो उघडू लागण्याचे व्होल्टेज) तापमानाबरोबर घटतो, त्यामुळे लिनिअर वापरात जो आधी तापतो तोच जास्त प्रवाह ओढतो आणि शेवटी एकटाच मरतो. प्रत्येक मॉसफेटला स्वतःचा ऑपॲम्प (तुलना करून प्रवाह जुळवणारी चिप) आणि स्वतःचा २० मिलिओहमचा, प्रवाह मोजणारा सोर्स-रोध द्यावा, ६.२५ अँपिअरला त्यावर १२५ मिलिव्होल्ट मिळतात, तेवढे पुरतात. मॉसफेटही लिनिअर वापरासाठी बनवलेलेच घ्या. आधुनिक ट्रेंच मॉसफेट स्विचिंगसाठी असतात. त्यांचा कागदावरचा वॅटचा आकडा मोठा असला, तरी सतत अर्धवट उघडे ठेवले की सिलिकॉनमध्ये एखादा बिंदू तापून ते फुटतात. माहितीपत्रकातील सुरक्षित कार्यक्षेत्राच्या आलेखात डीसीची वेगळी रेघ नसेल, तर तो मॉसफेट बाजूला ठेवावा.

मॉसफेट मरतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊन मरतो, आणि चोक का हवी ते इथे कळते. ३४ व्होल्टपैकी ३० डायोड घेतात, म्हणजे प्रवाह वाढवायला ४ व्होल्टच उरतात. २० मायक्रोहेन्रीमधून प्रवाह दर मायक्रोसेकंदाला फक्त ०.२ अँपिअरने वाढतो. १० मायक्रोसेकंदांत तो २ अँपिअर वाढेल, आणि तेवढ्या वेळात स्वतंत्र शंटवर (प्रवाह मोजणाऱ्या रोधावर) चालणारा तुलनाकारक (प्रवाहाने मर्यादा ओलांडताच इशारा देणारे सर्किट) डायोडच्या माळेला समांतर ठेवलेला शॉर्टिंग मॉसफेट लावून प्रवाह बाजूला वळवू शकतो. फ्यूज नंतर उडेल. फ्यूज आगीपासून वाचवतो, डायोडला वाचवण्याइतका तो चपळ नसतो. लेसर डायोडचे टोक क्षणिक अतिप्रवाहानेही कायमचे जळते, आणि जळालेला बार दुरुस्त होत नाही.

डायोडच्या दोन टोकांना समांतर मोठा कपॅसिटर लावू नका. गुळगुळीत डीसी मिळावी म्हणून पुष्कळ जण तो लावतात. समजा ४८ व्होल्टचा स्विचिंग ड्रायव्हर आहे आणि बाहेर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. डायोडचा सांधा क्षणभर सुटला की कपॅसिटर ४८ व्होल्टपर्यंत चढतो, आणि सांधा परत लागला की सुमारे ०.७ ज्यूलचा जादा साठा एका फटक्यात डायोडमध्ये उतरतो. सैल स्क्रूमुळे डायोड जातात ते असे. लिनिअर रचनेतही सांधा सुटला तर ऑपॲम्प गेट पूर्ण उघडून बसतो, म्हणून गेट-व्होल्टेजला झेनर डायोडने मर्यादा घाला आणि सर्व जोड बोल्टने घट्ट करा. डायोडला उलट दिशेने शॉटकी डायोड लावा, कारण उलटे व्होल्टेज त्यांना अगदी थोडेच सोसते.

प्रवाह शून्यापासून दोन-तीन सेकंदांत हळूहळू वर जावा. संदर्भ-व्होल्टेज देणाऱ्या पॉटची (फिरवून बदलायच्या रोधाची) सरकती पट्टी झिजून सुटली, तर संदर्भ शून्यावर पडेल अशा रीतीने तिथे जमिनीकडे एक रोध द्या. तो उलट्या बाजूला असेल, तर झिजलेला पॉट पूर्ण प्रवाह मागतो. यंत्र बंद असताना डायोडची टोके रिलेच्या नेहमी-बंद संपर्काने जोडलेली राहू द्या.

एवढे वाचूनही स्विचिंगच करायचे असेल, तर १०० किलोहर्ट्झचा सिंक्रोनस बक (व्होल्टेज उतरवणारे स्विचिंग सर्किट), दोन फेज, आणि बाहेरच्या व्होल्टेजला ३३ व्होल्टचा पक्का अडसर असे करा. एनडी-यागच्या वरच्या पातळीचे आयुष्य २३० मायक्रोसेकंद असल्याने रिपल (प्रवाहातली बारीक लहर) आपोआप पुसला जातो, असे म्हणतात. पण या लेसरची नैसर्गिक दोलने काही दहा ते काही शे किलोहर्ट्झच्याच पट्ट्यात येतात, त्यामुळे नेमका तिथला रिपल किरणात उमटू शकतो.

एसएमपीएसच्या माहितीपत्रकात तापमानानुसार क्षमता घटण्याचा आलेख पाहा. पुष्कळांची क्षमता ५० अंशांनंतर घटते, आणि आपल्याकडे पेटीच्या आत ५५ अंश सहज होतात, म्हणून ८५० वॅटच्या गरजेला १५०० वॅटचा घ्यावा. अर्थिंगची तपासणी मे महिन्यात करावी. आपल्या भागातली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थ-पिटचा रोध वाढतो. जानेवारीत घेतलेले माप तेव्हा खरे नसते. पिटमध्ये नियमित पाणी घालावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) लावावा.

इंटरलॉकची (धोका दिसताच यंत्र थांबवणाऱ्या स्विचांची) साखळी तारांची असावी, मायक्रोकंट्रोलरच्या प्रोग्रामवर अवलंबून नसावी. पाणी थांबले आणि वीजप्रवाह चालू राहिला, तर काय होते ते पाहा: डायोडच्या ठोकळ्यांत ३०० ग्रॅम तांबे धरले, तर ४५० वॅटने ते दर सेकंदाला जवळजवळ ४ अंशांनी तापते. दहा सेकंदांत ही वाढ जवळजवळ ४० अंशांची होते. म्हणून फ्लो स्विच, डायोडच्या ठोकळ्यावरचा थर्मोस्टॅट, टाकीची पातळी, पेटीचे दार, किल्ली आणि लाल आपत्कालीन बटण हे सगळे एकाच २४ व्होल्टच्या रिलेच्या वाटेत सिरीजमध्ये ठेवा. फ्लो स्विच मॉड्यूलमधून परतणाऱ्या नळीवर लावा. पंपाच्या तोंडाशी लावला, तर मधली नळी निसटली तरी तो पाण्याचा प्रवाह आहे असेच सांगत राहतो. वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये, माणसाने बटण दाबावेच लागले पाहिजे.

खऱ्या मॉड्यूलला हात लावण्याआधी खोटा भार बनवा. ३५ अँपिअरच्या धातूच्या कवचाच्या ब्रिज रेक्टिफायरमध्ये ऋण टोकाकडून धन टोकाकडे प्रवाह सोडला, तर तो दोन डायोडमधून पार होतो आणि जवळपास दोन व्होल्ट पडतात, म्हणजे एक ब्रिज एका बारची जागा घेतो. असे १५ ब्रिज सीताबर्डीच्या बाजारात सहज मिळतील. ते तांब्याच्या पट्टीवर बसवून त्याच पाण्याने थंड केले, तर ड्रायव्हर, चिलर आणि इंटरलॉक यांची एकत्र परीक्षा होते. ऑसिलोस्कोपवर प्रवाह पाहत यंत्र चालू-बंद करा, मुख्य प्लग ओढा, सांधा मुद्दाम सैल करा, फ्लो स्विचची तार काढा. कोणत्याही प्रसंगी प्रवाह ठरवलेल्या मर्यादेपेक्षा २ टक्क्यांहून अधिक उसळला, तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

१०६४ नॅनोमीटरचा किरण दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही, आणि डोळ्याचे भिंग तो थेट पडद्यावर एकवटते. ८०८ चा गळणारा प्रकाशही डोळ्याला जवळजवळ अदृश्यच असतो. या दोन्ही तरंगलांबींसाठी प्रमाणित आणि त्यांवर ऑप्टिकल घनता (प्रकाश अडवण्याचे माप) छापलेले गॉगल खोलीतल्या प्रत्येकाने लावावेत, फक्त चालवणाऱ्याने नव्हे. घड्याळ आणि अंगठी काढून ठेवावी आणि किरणाच्या वाटेच्या शेवटी पाण्याने थंड होणारा रोधक ठेवावा.

पहिल्यांदा मॉड्यूल जोडताना पाणी २८ अंशांवर स्थिर करा आणि प्रवाह हळूहळू वाढवत लेसर उंबरठा ओलांडतो, म्हणजे किरण निघू लागतो, तिथली नोंद करा. मग प्रवाह १८ अँपिअरवर कायम ठेवा आणि पाणी एकेका अंशाने २४ पासून ३२ पर्यंत न्या. प्रत्येक पायरीवर दहा मिनिटे थांबून पॉवर मीटरचा आकडा लिहा. सर्वांत जास्त शक्ती ज्या तापमानाला मिळेल ते आपल्या बारचे तापमान. ही चाचणी खोलीचे वातानुकूलन चालू ठेवून आणि दवबिंदू पाहूनच करावी. पावसाळ्यात काम संपवताना आधी प्रवाह शून्यावर आणा, मग चिलरचे थंडावणे बंद करून नुसता पंप चालू ठेवा, आणि पाणी खोलीच्या तापमानाला आल्यावरच पंप थांबवून दार उघडा.